फतेह अली शाहाची मुले नेमकी किती? आकड्याआधी आईचे नाव लिहा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्याच्या आगाखान पॅलेसविषयी वाचताना आगाखान घराण्याचे रक्ताचे नाते इराणचा बादशाह फतेह अली शाह काजार याच्याशी जुळते हे आपल्याला कळले, म्हणून आपण त्याच्या मुलाबाळांचा वंशवृक्ष मांडायला घेतलात आणि पहिल्याच ओळीला अडलात. एके ठिकाणी ५७ मुलगे, दुसरीकडे ६०, तिसरीकडे मुलगे-मुली मिळून १०३, तर आणखी कुठे २६० अपत्ये. यांतला खरा आकडा कोणता आणि इतक्या नावांची यादी लावायची तरी कशी, असे आपण विचारले आहे. फार्सी कागद वाचणे आणि जुन्या घराण्यांचे कुर्सीनामे तपासून देणे हे माझे नेहमीचे काम आहे आणि त्या निमित्ताने काजारांच्या नावांशी वारंवार गाठ पडते. त्या अनुभवावरून उत्तर देतो. ते लांबेल, कारण आपण विचारलेला प्रश्न आणि आपली खरी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आकड्याचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. आपल्याला सापडलेले आकडे एकमेकांशी भांडत नाहीत. ते निरनिराळ्या मोजण्यांचे निकाल आहेत. खरी अडचण अशी की, बाप एकच असताना शंभरावर मुलांना केवळ जन्मक्रमाने एकाखाली एक लिहिले, तर त्या यादीतून काहीच कळत नाही: कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला, कोणाला गादीचा हक्क होता, कोणाला नव्हता, आणि एकाच नावाच्या दोन माणसांना वेगळे कसे ओळखायचे. म्हणून अशा घराण्याचा तक्ता करताना मी पहिला रकाना आईच्या नावाचा ठेवतो. हे आपल्या सवयीच्या उलट आहे, पण ते का करावे लागते हे पुढे लक्षात येईल.

एक गोष्ट मात्र आधीच मान्य करतो. कोणती यादी योग्य, हे आपला तक्ता कशासाठी आहे यावर अवलंबून आहे. केवळ आगाखान घराण्यापर्यंतची एक शाखा दाखवायची असेल, तर शंभर नावांची गरजच नाही. काजार राजकारण समजून घ्यायचे असेल, तर प्रौढ होऊन सुभे सांभाळणारे मुलगे पुरेत. आणि कोणाला आपल्या घराण्याचा दावा तपासायचा असेल, तर मुलींच्या शाखांसकट सगळेच लागते. आपण तिन्ही हेतू एका कागदावर आणायला गेलात, म्हणून गोंधळ वाढला असावा.

मुळात एवढी मुले का, हेही आधी सांगायला हवे, नाहीतर सगळा विषय जनानखान्याच्या चटकदार गोष्टींवर घसरतो. काजार सत्तेचा संस्थापक आगा मोहम्मद खान याला बालपणी शत्रूच्या कैदेत खच्ची केले होते. त्याला मूल होणे शक्य नव्हते. त्याने आपला पुतण्या बाबा खान याला वारस नेमले. १७९७ मध्ये शूशा येथे आगा मोहम्मद खानाचा त्याच्याच नोकरांनी खून केल्यावर हाच बाबा खान फतेह अली शाह या नावाने गादीवर आला आणि १८३४ च्या ऑक्टोबरात इस्फहान येथे मृत्यू येईपर्यंत राज्य करत राहिला. त्याच्यापूर्वीच्या अर्धशतकात इराणची गादी या टोळीकडून त्या टोळीकडे फिरत होती. नव्या घराण्याकडे ना जुनी प्रतिष्ठा होती, ना पगारी नोकरशाही. प्रत्येक मोठ्या सुभ्यावर आपल्या रक्ताचा माणूस बसवायचा आणि प्रत्येक मोठ्या टोळीशी सोयरीक जोडायची, हाच राज्य चालवण्याचा उपाय होता. विवाह हे त्याचे परराष्ट्र खाते होते म्हटले तरी चालेल. शाहाच्या हौसेचा भाग त्यात नव्हता असे मी म्हणत नाही. पण नुसती हौस एवढ्या पद्धतशीरपणे सुभे वाटत नाही.

आता आकडे. ५७ मुलगे आणि ४६ मुली हा काजार दरबारी इतिहासातून आलेला आणि पुढे सर्वत्र उद्धृत होत राहिलेला हिशेब, शाहाच्या मृत्यूच्या वेळी हयात असलेल्या अपत्यांचा आहे. यांची बेरीज १०३ होते; म्हणजे आपल्या चार आकड्यांपैकी दोन इथेच निकाली निघाले. त्याच हिशेबात २९६ नातू आणि २९२ नाती दिलेल्या आहेत. २६० च्या घरातला आकडा बालपणी दगावलेल्यांसह सगळ्या जन्मांचा म्हणून सांगितला जातो, आणि त्या काळातले बालमृत्यू पाहता त्यात अशक्य काही नाही. परंतु त्यांतल्या बहुतेकांची नावे वंशवृक्षात भरता येणार नाहीत. राहिला ६० च्या आसपासचा आकडा. तो नावानिशी यादीत येणाऱ्या मुलग्यांचा असतो, आणि त्यात बापाच्या आधी वारलेले प्रौढ मुलगेही धरलेले असतात.

इथेच एक बारकावा आहे, तो जपून पाहा. शाहाचे सर्वांत नावाजलेले दोन मुलगे त्या ५७ मध्ये नाहीतच. थोरला मोहम्मद अली मिर्झा दौलतशाह १८२१ मध्ये उस्मानी सैन्याविरुद्धच्या मोहिमेवर असताना पटकीने वारला. युवराज अब्बास मिर्झा १८३३ च्या ऑक्टोबरात मशहद येथे वारला, बापाच्या बरोबर एक वर्ष आधी. तेव्हा एखाद्या तक्त्यावर ‘मृत्युसमयी हयात मुलगे ५७’ असे शीर्षक असेल आणि खाली पहिल्या दोन ओळींत हीच दोन नावे असतील, तर करणाऱ्याने दोन याद्या एकत्र कालवल्या आहेत असे खुशाल समजावे. कोणतीही नवी यादी हाती आली की मी पहिल्यांदा हीच दोन नावे तपासतो. निम्मा निर्णय तिथे होतो.

बायकांच्या संख्येवर मी फार वेळ घालवत नाही. दीडशेपासून हजारापर्यंत काहीही वाचायला मिळते, आणि त्यात पत्नी, दासी, गायिका, जनानखान्यातल्या चाकर बायका असे सगळे एकत्र मोजलेले असते. वंशावळीसाठी महत्त्वाचा आहे तो कायदा. शिया धर्मशास्त्राप्रमाणे एका वेळी चार कायम विवाह करता येतात; त्याखेरीज ठरावीक मुदतीचे विवाह, ज्यांना इराणात सीगे म्हणतात, त्यांना संख्येची मर्यादा नाही, आणि दोन्ही प्रकारच्या विवाहांतून झालेली मुले सारखीच औरस असतात. मराठी वाचक इथे हमखास ठेचकाळतो. पेशवाईतले लेकावळे डोळ्यांसमोर ठेवून तो काजार राजपुत्रांत औरस आणि अनौरस अशी रेघ ओढतो, आणि तशी रेघ तिथे नव्हती. सीगेच्या पोटचा मुलगाही पूर्ण शाहजादा असे; त्याला सुभा मिळे, किताब मिळे, बापाच्या मालमत्तेत वाटा मिळे. फरक पडत असे तो फक्त गादीच्या बाबतीत, आणि तिथे प्रश्न विवाहाच्या प्रकाराचा नव्हता, आईच्या टोळीचा होता.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे वर सांगितलेले दोघे भाऊ. दौलतशाहाचा जन्म ५ जानेवारी १७८९ चा, अब्बास मिर्झाचा २६ ऑगस्ट १७८९ चा. दोघांत जेमतेम आठ महिन्यांचे अंतर, आणि थोरला निर्विवादपणे दौलतशाह. तो शूर होता, किरमानशाहचा सुभा त्याने सीमेवर राहून घट्ट सांभाळला. तरीही वारस ठरला तो अब्बास मिर्झा, कारण दौलतशाहाची आई जॉर्जियन होती आणि अब्बास मिर्झाची आई आसिये खानम ही काजारांच्याच देवेल्लू शाखेतली. काजारांच्या कोवानलू आणि देवेल्लू या दोन शाखांत जुने रक्तरंजित वैर होते. आगा मोहम्मद खान कोवानलू होता आणि देवेल्लूंना कायमचे बांधून ठेवल्याशिवाय आपले घराणे टिकणार नाही हे तो जाणून होता. त्यानेच पुतण्याचा हा विवाह घडवला आणि त्यातून होणारा मुलगा पुढचा वारस असे ठरवून टाकले. म्हणजे अब्बास मिर्झाच्या जन्माआधीच त्याची जागा निश्चित होती. दौलतशाहाला हे कधी पचले नाही आणि दोघा भावांचे आयुष्यभर पटले नाही.

आईच्या कुळाचा हा नियम पुढे इतका रुजला की १९०७ च्या इराणी राज्यघटनेच्या पुरवणीत, सदतिसाव्या कलमात, तो लेखी आला: गादी शाहाच्या थोरल्या मुलाकडे जाईल, मात्र त्याची आई इराणी वंशाची आणि राजकन्या असली पाहिजे. जन्मक्रमाच्या यादीत हे काहीच दिसत नाही. त्या यादीत दौलतशाह वर आणि अब्बास मिर्झा खाली, एवढेच दिसते, आणि वाचणारा थोरल्याला डावलल्याचे कारण त्याच्या स्वभावात शोधत बसतो.

आईची मर्जीतली जागा आणि आईचे कुळ या दोन गोष्टीही वेगळ्या ठेवा. उतारवयात शाहाची सर्वांत लाडकी पत्नी होती इस्फहानची ताऊस खानम, किताब ताज अल-दौला. दरबारातले रत्नजडित सिंहासन आधी सूर्याच्या नावाने ओळखले जाई, ते तिच्या नावावरून तख्त-ए-ताऊस झाले असे सांगतात (ताऊस म्हणजे मोर). नादिरशहाने दिल्लीहून नेलेल्या मयूरासनाशी त्याची गल्लत नेहमी होते, ती आपण करू नये. तिच्या मुलांना मान आणि पैसा भरपूर मिळाला, पण गादीच्या शर्यतीत ती कधीच नव्हती. याउलट काराबाखच्या खानाची मुलगी आगा बाजी हिला दरबारात मोठा मान होता, परंतु तिला मूल नव्हते. म्हणून फक्त मुलांच्या नावांवरून केलेल्या तक्त्यात ती दिसतच नाही, आणि तिच्या माहेरची काराबाखची सोयरीकही अदृश्य होते. मी अशा निपुत्रिक पत्नींसाठीही आईच्या रकान्यात ओळ ठेवतो आणि पुढची जागा मोकळी सोडतो.

सुभ्यांची वाटणी थोडक्यात आटोपतो, कारण ती कुठेही मिळेल: अझरबैजान अब्बास मिर्झाकडे, राजधानी तब्रीझ, किरमानशाह दौलतशाहाकडे, फार्स, म्हणजे शिराझ, हुसैन अली मिर्झा फर्मानफर्माकडे तीन दशकांहून अधिक काळ, माझंदरान मोहम्मद कुली मिर्झाकडे, खोरासान आधी मोहम्मद वली मिर्झाकडे, नंतर हसन अली मिर्झाकडे. प्रत्येकाचा स्वतंत्र वजीर, फौज आणि जनानखाना. त्यामुळे नातवंडांची संख्या कशी फुगली हेही कळते. ‘उंट, उवा आणि शाहजादे इराणात कुठेही सापडतात’ अशी म्हण त्या काळी लोकांच्या तोंडी होती, ती काही उगाच नव्हे.

आईच्या रकान्याचा खरा उपयोग १८३४ मध्ये दिसतो. अब्बास मिर्झा आधीच वारला होता, म्हणून शाहाने त्याचा मुलगा मोहम्मद मिर्झा याला वारस नेमले होते. त्याचीही आई देवेल्लू. १८१३ च्या गुलिस्तान तहात रशियाने शाह ज्याला वारस नेमील त्याला पाठिंबा देण्याचे कबूल केले होते आणि १८२८ च्या तुर्कमानचाय तहात तर अब्बास मिर्झाचे नाव घेऊन त्याला युवराज म्हणून मान्यता दिली होती. त्यामुळे त्याच्या मुलामागे तब्रीझची फौज, काएम मकामसारखा कुशल वजीर, आणि रशिया व ब्रिटन या दोन्ही वकिलातींचे बळ होते. तरी काका गप्प बसले नाहीत. तेहरानात अली मिर्झा झिल्ल-ए-सुलतान याने स्वतःच्या नावाची द्वाही फिरवली. शिराझमध्ये हुसैन अली मिर्झाने.

आता तक्ता आईच्या नावाने लावून पाहा. हुसैन अली मिर्झाच्या पाठीशी ठामपणे उभा राहिला तो हसन अली मिर्झा शुजा अल-सल्तना, आणि तो त्याचा सख्खा भाऊ निघतो. दोघांची आई बद्र-ए-जहान खानम, बस्तामच्या अरब घराण्यातली. झिल्ल-ए-सुलतान मात्र अब्बास मिर्झाचाच सख्खा भाऊ, आसिये खानमचाच मुलगा. म्हणजे तेहरानातला दावा हा सावत्र भावाने पुतण्याचा हक्क नाकारण्याचा नव्हता. ‘देवेल्लू आईचा मुलगा मीही आहे, आणि मी पुतण्याहून एक पिढी जवळचा आहे’ असे म्हणण्याची जागा त्याला होती. शिराझच्या बंडाला असे कुळाचे बळ नव्हते. त्यामागे होता तीस वर्षांचा सुभा आणि खजिना. दोन्ही बंडे एकाच ओळीत ‘काकांचे बंड’ म्हणून लिहिणाऱ्या पुस्तकांवर मी फारसा विसंबत नाही.

निकाल लवकर लागला आणि मोहम्मद मिर्झा हा मोहम्मद शाह या नावाने गादीवर बसला. तेहरानातली राजवट काही आठवड्यांत कोसळली. शिराझवर चालून गेलेल्या फौजेत हेन्री लिंडसे बेथ्यून हा ब्रिटिश अधिकारी होता. हुसैन अली मिर्झा पकडला गेला आणि १८३५ मध्येच तेहरानात मरण पावला, तर हसन अली मिर्झाचे डोळे काढले गेले. अनेक शाहजाद्यांना अर्दबीलच्या किल्ल्यात कोंडले गेले. त्यांतले काही पुढे निसटून रशियात आणि तिथून उस्मानी मुलुखात गेले. हुसैन अली मिर्झाचे तीन मुलगे, रझा कुली, नजफ कुली आणि तैमूर, १८३६ मध्ये थेट लंडनला जाऊन पोहोचले. तिथल्या लिखाणात त्यांना ‘इराणचे राजपुत्र’ म्हटलेले आढळेल. ते फतेह अली शाहाचे मुलगे नव्हेत, नातू. आपल्या यादीत ही तीन नावे मुलग्यांत शिरली असतील तर बाहेर काढा.

नातू मुलग्यांच्या यादीत घुसण्याचे आणखी एक प्रसिद्ध उदाहरण खुस्रो मिर्झाचे. १८२९ च्या फेब्रुवारीत तेहरानात रशियन वकील ग्रिबोयेदोव याची जमावाने हत्या केली, तेव्हा झारची समजूत काढायला खुस्रो मिर्झा पीटर्सबर्गला गेला. तोही नातू, अब्बास मिर्झाचा मुलगा. त्या सुमारास झारकडे गेलेला ‘शाह’ हिरा आज मॉस्कोत आहे. त्यावर तीन नावे कोरलेली आहेत: अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह, मग शाहजहान, मग फतेह अली शाह. आपल्या नगरच्या दरबारातली वस्तू या कुटुंबाच्या कागदपत्रांत भेटते, म्हणून एवढे विषयांतर.

नावांबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवल्यात तर पुष्कळ चुका टळतील. पहिली: ‘मिर्झा’ नावाच्या मागे लागला तर तो शाहजादा, पुढे लागला तर कारकुनी किंवा विद्वान घराण्यातला माणूस. अब्बास मिर्झा राजपुत्र. मिर्झा तकी खान नव्हे. यंत्राने केलेली भाषांतरे हा क्रम बिनदिक्कत उलटा करतात. दुसरी: किताब हे नाव नव्हे. माणूस मेला की किताब मोकळा होई आणि दुसऱ्याला मिळे. फतेह अली शाहाचा मुलगा अली मिर्झा झिल्ल-ए-सुलतान, आणि पुढे इस्फहानचा सुभेदार म्हणून गाजलेला मसूद मिर्झा झिल्ल-ए-सुलतान हा मोहम्मद शाहाचा मुलगा नासिर अल-दीन शाह याचा मुलगा. दोघांत तीन पिढ्यांचे अंतर. फर्मानफर्माचे तसेच. विसाव्या शतकात इराणात आडनावे सक्तीची झाली तेव्हा अनेक शाखांनी पूर्वजाचा किताब आडनाव म्हणून घेतला: दौलतशाही हे दौलतशाहाचे वंशज, हे सरळ आहे. पण फर्मानफर्मायान हे शिराझच्या हुसैन अली मिर्झा फर्मानफर्माचे वंशज नाहीत. ते अब्दुल हुसैन मिर्झा फर्मानफर्माचे, म्हणजे अब्बास मिर्झाच्या नातवाचे. आडनावावरून वर चढत गेलात तर नेमके चुकीच्या भावाच्या घरी पोहोचाल.

वय आणि पिढी यांचा मेळही इथे बसत नाही, तो बसवण्याचा हट्ट धरू नये. शाहाला मुले होण्याचा काळ चार दशकांहून मोठा आहे. अली कुली मिर्झा एतेझाद अल-सल्तना, जो पुढे दार अल-फुनून या तेहरानच्या आधुनिक विद्यालयाचा प्रमुख आणि शिक्षणमंत्री झाला, तो फतेह अली शाहाचा मुलगा, जन्म १८२२. त्याचा पुतण्या मोहम्मद शाह १८०८ चा. काका पुतण्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. तारखा पाहून ‘हा नातू असणार’ असा तर्क करून कोणी ओळ खाली सरकवली, तर सगळी शाखा बिघडते. तारखांचाच आणखी एक फास म्हणजे हिजरी सन. दौलतशाह आणि अब्बास मिर्झा हे दोघेही हिजरी १२०३ चे, आणि ते वर्ष १७८८ च्या ऑक्टोबरात सुरू होऊन १७८९ च्या सप्टेंबरात संपते. नुसता हिजरी सन असलेल्या नोंदीवरून इसवी सनाचा एकच आकडा ठोकून देऊ नका. महिना नसेल तर दोन्ही साले लिहा.

मुलींची बाजू सगळ्या तक्त्यांत लंगडी असते. बहुतेक मुली लग्नानंतर नवऱ्याच्या किताबाआड जातात. काही मात्र स्वतःच्या बळावर दिसतात. शाह बेगम, किताब झिया अल-सल्तना (१७९९ ते १८७३), हिचे उदाहरण मी नेहमी देतो. तिची आई मरियम खानम ज्यू कुळातून आलेली. मुलीचे अक्षर अत्यंत सुरेख. तिने कुराणाच्या प्रती लिहिल्या, कविता केल्या, आणि बापाची खासगी पत्रे वाचणे व उत्तरे लिहिणे हे काम तिच्याकडे होते. शाह हयात असेपर्यंत तिने लग्न केले नाही; त्याच्या मृत्यूनंतर, तिशी केव्हाच ओलांडल्यावर, तिचा विवाह मिर्झा मसूद अन्सारी या परराष्ट्रमंत्र्याशी झाला (इथे मिर्झा पुढे आहे, म्हणजे तो शाहजादा नव्हे). तिचा सख्खा भाऊ महमूद मिर्झा नहावंदचा सुभेदार; कवींचे चरित्रपर संग्रह करणारा, त्यांत स्त्रीकवींचाही. एका आईची दोन मुले, दोघेही लेखणीची. आईचा रकाना असेल तरच ही जोडी शेजारी येते.

साधनांबद्दल सांगायचे तर, जनानखान्याच्या आतली सर्वांत तपशीलवार माहिती शाहाचाच एक मुलगा अहमद मिर्झा अझद अल-दौला याने लिहिलेल्या ‘तारीख-ए-अझदी’त आहे. तो ताऊस खानमचा मुलगा, जन्म १८२४. वाचताना दोन गोष्टी मनात ठेवा: बाप वारला तेव्हा तो दहा वर्षांचा होता, आणि लिहायला बसला तो १८८७ च्या सुमारास, साठी ओलांडल्यावर, सत्तेवर असलेल्या शाखेच्या नजरेखाली. कोणाची आई कोण, कोणाचे लग्न कुठे झाले, यासाठी मी त्याच्यावर भरवसा ठेवतो. कारण घरातल्या बायकांकडून ऐकलेले नाते सहसा चुकत नाही. कोणाचे बापाशी किती पटत होते, यासाठी ठेवत नाही. चित्रे आणि शिल्पे हे दुसरे साधन. तेहरानच्या निगारिस्तान महालात शाह आणि त्याच्याभोवती उभे मुलगे असे भव्य भित्तिचित्र होते, त्याच्या नकला उरल्या आहेत. तेहरानजवळच्या रे या गावी चश्मे अलीच्या खडकावर शाह मुलांसह कोरलेला आहे. आणि किरमानशाहजवळ ताक-ए-बुस्तानच्या सासानी गुहेतच दौलतशाहाने स्वतःचे शिल्प घालून घेतले. अशा दृश्यांत कोण आहे यावरून त्या वेळी कोणाचे वजन होते ते समजते. मुलांची संख्या त्यावरून काढायची नसते.

शेवटी आपल्या मूळ शाखेकडे येतो. हसन अली शाह, म्हणजे पहिले आगाखान, यांचे वडील १८१७ मध्ये यझ्द येथे जमावाच्या हल्ल्यात मारले गेले, तेव्हा फतेह अली शाहाने त्या तरुण मुलाला जवळ केले, आगाखान हा किताब दिला आणि आपली मुलगी सर्व-ए-जहान खानम दिली. पुढे मोहम्मद शाहाच्या काळात किरमानच्या सुभेदारीवरून बिनसले, बंड झाले, आणि ते अफगाणिस्तान व सिंधमार्गे अखेर मुंबईत स्थिरावले. १८८१ मध्ये तिथेच वारले, माझगावच्या हसनाबादमध्ये त्यांची कबर आहे. सर्व-ए-जहान खानमचा मुलगा अका अली शाह हे दुसरे आगाखान. ते १८८५ मध्ये पुण्यात वारले. त्यांचे चिरंजीव सुलतान मुहम्मद शाह हे तिसरे आगाखान, १८९२ चा पुण्याचा महाल त्यांच्या नावावर आहे.

आपण इथपर्यंत एक रेष काढली असेल, तर ती अपुरी आहे. तिसऱ्या आगाखानांच्या आई शम्स अल-मुलूक याही आपल्या आईकडून फतेह अली शाहाच्या नात होत्या. म्हणजे फतेह अली शाह हा तिसऱ्या आगाखानांचा बापाकडूनही पणजोबा आणि आईकडूनही पणजोबा, आणि दोन्ही बाजूंनी नाते येते ते मुलींमधून. मुलग्यांच्या ५७ किंवा ६० नावांपैकी एकही नाव या शाखेसाठी आपल्याला लागत नाही. तक्त्यावर शाहापासून दोन वेगळ्या मुलींमार्फत दोन रेषा खाली आणा, प्रत्येक मुलीच्या शेजारी तिच्या आईची जागा राखून ठेवा, आणि दोन्ही रेषा सुलतान मुहम्मद शाहांच्या नावावर मिळवा. मुलग्यांची यादी स्वतंत्र कागदावर जाऊ द्या, आणि तिच्या माथ्यावर ती कोणत्या दिवशीची मोजणी आहे ते लिहा.